रात्रीच्या पाण्यासाठी खिशातली लांब फोकसची टॉर्च: पहिल्यांदा घेताना काय बघावं

जुन्नर तालुक्यात आमचा ऊस आणि कांदा. शेतीची थ्री-फेज लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जावंच लागतं. उसाच्या कडेला बिबट्याची भीती, पाटाच्या कडेला घोणशीची. तीन वर्षांत मी पाच टॉर्च घेतल्या. पहिलीच्या खोक्यावर ‘२ किलोमीटर’ छापलं होतं. एका रात्री शेजारच्या विहिरीपाशी काहीतरी बसलेलं दिसलं. अंतर असेल ऐंशी पावलं. कुत्रं आहे की दुसरं काही, त्या उजेडात कळेना. चुलते आणि मी मोटारीच्या स्टार्टरच्या खोलीत दार लावून अर्धा तास बसलो. वारा सुटला तेव्हा ते हललं, आणि मग कळलं की खताचं रिकामं पोतं आहे.

तुमचा अर्धा तास आणि माझ्या पहिल्या तीन टॉर्चइतके पैसे वाचावेत म्हणून हे लिहितोय. आमच्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात, पण इथे गोंधळ नको. उजेड देणारी ती टॉर्च, आत घालायचा तो सेल.

१. आधी अंतर मोजा, मग दुकान बघा

दिवसा शेतात जा. तुम्ही रात्री जिथे उभे राहता तिथून जिथे बघावं लागतं तिथपर्यंत पावलं मोजा. साधारण माणसाचं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे ऐंशी पावलं म्हणजे साठ मीटर. आमच्या स्टार्टरपासून शेवटच्या बांधापर्यंत १४० मीटर भरलं. पण खरी गरज शंभर मीटरच्या आतलीच आहे, आणि तिथे नुसतं ‘काहीतरी आहे’ दिसून भागत नाही, काय आहे ते ओळखू यावं लागतं.

हे मोजमाप टाळू नका. शहरात राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने माझी बघून तशीच घेतली आणि आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये समोरच्या भिंतीवर ताटाएवढा पांढरा गोल पाडत फिरतो. त्याला तीस मीटर पसरट उजेड पुरला असता. उलट तुम्हाला पाचशे मीटरपलीकडचं स्पष्ट बघायचं असेल, तर खिशातल्या टॉर्चचा नाद सोडा. त्याला मोठ्या डोक्याची टॉर्चच लागते. का, ते पुढच्या मुद्द्यात.

२. लुमेन सोडा, कँडेला शोधा

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. खोक्यावर मोठ्या अक्षरात लुमेन असतात. लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. तो एका जागी एकवटून किती लांब जातो, हे कँडेला सांगतं. पाण्याचं उदाहरण घ्या. मोटार तीच, पाणी तेवढंच, पण पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार लांब जाते. लुमेन म्हणजे पाणी, कँडेला म्हणजे धार.

चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल १ या अमेरिकी मानकाप्रमाणे आकडे देतात. त्यात ‘पल्ला’ म्हणजे ज्या अंतरावर उजेड ०.२५ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो ते अंतर. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं स्वच्छ चांदणं. हिशेब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. ४०,००० म्हणजे ४०० मीटर. म्हणजे कँडेला चौपट झाल्यावर पल्ला फक्त दुप्पट होतो.

आता विचार करा, दोनशे मीटरवर चांदण्याएवढा उजेड पडून तुम्हाला काय ओळखू येणार? म्हणून छापील पल्ल्याचा निम्मा धरा. निम्म्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे १ लक्स असतो. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके दिसायला हवे असतील तर मी तिसरा हिस्सा धरतो. शंभर मीटरवर ओळख पटवायची असेल, तर छापील पल्ला तीनशे मीटर हवा, म्हणजे साधारण २२,५०० कँडेला. पंचवीस हजारांच्या आसपासची टॉर्च आमच्या बांधाला पुरते.

हेच सूत्र उलटं वापरलं की थापा उघड्या पडतात. ‘२ किलोमीटर’ म्हणजे दहा लाख कँडेला. बोटाएवढ्या एलईडी टॉर्चमधून ते निघणं शक्य नाही. झोत किती लांब जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: एलईडीचा पृष्ठभाग किती तेजस्वी आहे आणि पुढच्या वाटीचा (रिफ्लेक्टरचा) व्यास किती आहे. एलईडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर पल्ला दुप्पट होतो. म्हणून खिशात मावणाऱ्या, पंचवीस मिलिमीटरच्या आसपास डोकं असलेल्या टॉर्चचा खरा पल्ला दोनशे ते साडेतीनशे मीटरच्या घरात राहतो. त्यापुढचा आकडा दिसला तर डोक्याचा व्यास बघा, चाळीस मिलिमीटरच्या पुढे असेल तर पटण्यासारखं आहे.

एलईडी निवडायची सोय असेल तर लहान आकाराची आणि वर घुमट नसलेली, सपाट एलईडी घ्या. कॉन्व्हॉयसारख्या कंपन्या एकाच नळीत वेगवेगळ्या एलईडी बसवून देतात. तीन-चार एलईडींचा पुंजका असलेली टॉर्च लुमेनमध्ये भारी वाटते, पण झोत पसरतो. अंगणातल्या कामाला ती छान, बांधापलीकडे बघायला नाही.

३. पायाखालचं विसरू नका

लांब फोकसच्या नादात माझी दुसरी टॉर्च अशी आली की दीडशे मीटरवरचं आंब्याचं झाड दिसायचं आणि चप्पल दिसायची नाही. शेतात साप पायाशी असतो. मण्यार तर रात्रीचीच फिरते, आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. बिबट्याचे डोळे उजेडात चमकतात, सापाचे तसे चमकत नाहीत, त्यामुळे चमकेल ते बघू म्हणून चालत नाही. पायापुढची दोन मीटर जमीन उजळलेली हवीच.

वाटीच्या टॉर्चमध्ये मधला प्रखर गोळा आणि त्याभोवती मंद कडं असतं. पायवाटेला ते कडंच उपयोगी पडतं. पुढे-मागे सरकवायच्या झूम टॉर्चमध्ये हे कडं जवळजवळ नसतं. पूर्ण झूम केली की भिंतीवर एलईडीचा चौकोन उमटतो आणि बाजूला काळोख. शिवाय डोकं सरकतं तिथून पाणी आणि माती आत जाते. माझी झूमवाली टॉर्च एका आवर्तनात (पाटाला पाणी सुटतं त्या पाळीत) आतून धुकट झाली. झूम घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगतो.

थंडीत पहाटे कुकडीच्या पाटावर धुकं उतरतं तेव्हा कुठलीच टॉर्च चालत नाही, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. अशा वेळी उजेड कमी करा आणि टॉर्च डोळ्यांपासून दूर, कमरेजवळ धरा. थोडा फरक पडतो.

४. सेल: इथे पैसे वाचवू नका

दोन मापं लक्षात ठेवा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. पहिल्याची खरी क्षमता जास्तीत जास्त साडेतीन हजार एमएएचच्या आसपास, दुसऱ्याची पाच हजारांच्या आसपास किंवा थोडी पुढे. १८६५० सेलवर ‘९९०० एमएएच’ लिहिलेलं दिसलं की तो सेल हातातही घेऊ नका. घेतलाच तर वजन करा. चांगला १८६५० पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. माझ्या पहिल्या टॉर्चमधला आमच्या गावच्या सोनाराच्या काट्यावर तीस ग्रॅम भरला, आणि सोनार आठवडाभर मला हसत होता.

खिशासाठी १८६५० बरा, बंडीच्या खिशात लोंबत नाही. रात्रभर काम असेल तर २१७०० घ्या, टॉर्च थोडी जाड होते.

किती वेळ चालेल याचाही हिशेब घरी करता येतो. तीन हजार एमएएचच्या सेलमध्ये साधारण ११ वॉट-तास ऊर्जा असते. टॉर्च एका वॉटमागे शंभरेक लुमेन देते असं धरा. म्हणजे हजार लुमेनवर तासभर, शंभर लुमेनवर दहा-अकरा तास. ‘१००० लुमेन, १२ तास’ असं कुणी म्हणत असेल तर तो सेलमध्ये नसलेली ऊर्जा विकतोय. मानकातली छापील वेळही जरा सांभाळून वाचा. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ त्यात मोजतात. शिवाय टर्बोवर, म्हणजे सगळ्यात प्रखर उजेडावर, लहान टॉर्च तापते आणि दोन-तीन मिनिटांत स्वतःच उजेड उतरवते. तो बिघाड नव्हे, तिने तसं करायलाच हवं.

सेल बाहेर काढता येतो की नाही, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आत कायमचा बसवलेला सेल दोन-तीन वर्षांत थकला की अख्खी टॉर्च भंगारात जाते. काही टॉर्चमध्ये सेल निघतो खरा, पण तो कंपनीचाच खास बनावटीचा लागतो, बाजारातला सपाट डोक्याचा साधा सेल चालत नाही. हे घेण्याआधी कळायला हवं. संरक्षक सर्किटवाले (शॉर्ट झालं की आपोआप प्रवाह तोडणारे) सेल काही मिलिमीटर जास्त लांब असतात आणि काही टॉर्चमध्ये मावत नाहीत, हेही विचारा.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल गावात स्वस्तात मिळतात. मी वापरत नाही. त्यांचं आधी काय झालंय ते कुणालाच माहीत नसतं.

५. चार्जिंग

टॉर्चलाच यूएसबी-सी असेल तर मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक, ट्रॅक्टरचं सॉकेट, कशावरही काम होतं. सापळा एकच. स्वस्त टॉर्चमध्ये त्या सॉकेटमागचे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. मग दोन्ही टोकांना सी असलेल्या नव्या केबलने ती चार्जच होत नाही, जुन्या रुंद पिनेच्या केबलनेच होते. मी अशी एक टॉर्च ‘बिघडली’ म्हणून परत केली होती. दुकानदाराने समोर जुनी केबल लावून दाखवली आणि चहा पाजून परत पाठवलं.

चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच घट्ट बसतं का बघा. चिखलाच्या बोटांनी ते सतत उघडझाप करणार असाल, तर वर्षभरात सैल होतं. बुचाऐवजी स्क्रूने झाकलेलं भोक असेल तर जास्त टिकतं.

आणि चार्जिंगला लावून झोपू नका, निदान नव्या टॉर्चचे पहिले काही दिवस. फरशीवर, डोळ्यांसमोर लावा. गवताच्या गंजीजवळ तर अजिबात नको.

६. बटण

मागे बटण असलेली टॉर्च मुठीत धरून अंगठ्याने लागते. बाजूला बटण असेल तर अंधारात चाचपडावं लागतं, पण मोड बदलायला ते सोपं. मला मागे चालू-बंद आणि बाजूला मोड अशी दोन बटणांची सोय सगळ्यात बरी वाटली. काही झालं तरी हे दोन प्रश्न विचारा. बंद करून पुन्हा लावली तर शेवटचा मोड राहतो का? आणि लुकलुकणारा मोड मधेच येतो का? चालता चालता उजेड वाढवायला बटण दाबलं आणि टॉर्च लुकलुकायला लागली, की चार पावलं आंधळ्यासारखी जातात.

बाजूच्या इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्च बंद असतानाही सेल थोडा थोडा खातात आणि खिशात चुकून लागतात. टर्बोवर लागली तर खिसा होरपळतो, माझ्या भावाच्या पँटला रुपयाएवढं भोक आहे. उपाय सोपा: मागचं झाकण पाव आटा सैल करा. बहुतेक टॉर्चचा प्रवाह तिथे तुटतो. काहींचा तुटत नाही, म्हणून घेतल्या दिवशीच करून बघा.

७. पाणी

आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पाटावर काम करणाऱ्याला ७ किंवा ८ हवं. आट्याजवळचं रबरी कडं वर्षातून एकदा पुसून त्याला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल तेल नको.

८. घेताना आणि घेतल्यावर

एवढं जवळ असू द्या:

- पक्कं जीएसटी बिल, त्यावर मॉडेलचं नाव. नुसतं ‘टॉर्च’ लिहिलेलं बिल वॉरंटीला कामाला येत नाही.
- सेलवरचा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक. सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक लागू आहे, क्रमांक ‘आर’ अक्षराने सुरू होतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का बघता येतं.
- मोजायचा टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि उजेड मोजणारं अ‍ॅप टाकलेला अँड्रॉइड फोन.

ऑनलाइन घेतली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा. रात्री ओसरीत किंवा लांब खोलीत टॉर्चपासून बरोबर ५ मीटरवर फोन ठेवा, उजेडाचा सेन्सर टॉर्चकडे. तो बहुतेक फोनमध्ये पडद्याच्या वरच्या कडेला असतो. टॉर्च लावून तीस सेकंद थांबा, झोताचा मधला गोळा सेन्सरवर आणा, सगळ्यात मोठा आकडा टिपा. त्याला २५ ने गुणा (पाचाचा वर्ग). आले कँडेला. माझ्या आताच्या टॉर्चला ९५० लक्स आले, म्हणजे २३,७५० कँडेला, म्हणजे तीनशे मीटरच्या थोडं पुढे. फोनचा सेन्सर काटेकोर नसतो, वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे चालायचंच. पण ‘२ किलोमीटर’वालीला याच फोनवर ११० आले. गुणाकार तुम्हीच करा.

मग ती शेतात न्या, पहिल्या मुद्द्यात मोजलेल्या जागी. बांधावर कुणाला तरी उभं करा आणि त्याच्या हातात विळा आहे की काठी, हे सांगता येतं का बघा. आमच्याकडे चुलते उभे राहिले, आणि मी काठी म्हटल्यावर त्यांनी तिकडून हाक मारली, ‘अरे, छत्री आहे!’ तरी टॉर्च ठेवली, कारण छत्री मिटलेली होती.

किमतीचं म्हणाल तर माझी सेलसकट अडीच हजारांना पडली. पाचशेच्या आतली लांब फोकसची खात्रीची टॉर्च मला अजून मिळालेली नाही.

९. वापरताना

चमकणारे डोळे दिसले की लगेच बिबट्या समजू नका, गाय, कुत्रं, मांजर, कोल्हा, सगळ्यांचे चमकतात. पण ओळख पटवायला जवळही जाऊ नका, लांब फोकस घेतला तो त्याचसाठी. दारं धरताना बराच वेळ वाकून किंवा बसून राहू नका, जोडीला माणूस न्या, मोबाइलवर गाणी लावून ठेवा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये असू द्या. आणि रस्त्याने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत झोत मारू नका. पंचवीस हजार कँडेला डोळ्यांत गेल्यावर त्याला पुढचं वळण दिसत नाही.

रात्रभर शंभर-दीडशे लुमेनवरच चाला. टर्बो फक्त बघायचं असेल तेव्हा, चार-पाच सेकंद.

विमानाने जाणार असाल तर सुटा सेल हातातल्या बॅगेत, डबीत ठेवून न्यायचा, चेक-इनच्या सामानात चालत नाही.

सुटा सेल कधीही किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका. चुलत्यांनी माझा जादा सेल ‘सापडायला सोपा’ म्हणून पानाच्या डब्यात ठेवला होता, अडकित्त्याला लागून. डबा गरम लागला म्हणून त्यांनीच मला हाक मारली. आता तो सेल प्लॅस्टिकच्या डबीत असतो आणि डबीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय: ‘सुपारी नाही.’